कात्रण

मे संपत आला की कोकणात वळवाचा एखादा सपाटा येतोच. अर्धा तास वारा, मग टपोरा पाऊस, आणि सगळं शांत होईपर्यंत कुणाच्या तरी घराची कौलं सरकलेली, कुणाचे पत्रे उडून खालच्या परड्यात जाऊन पडलेले. लांज्याकडच्या एका वाडीत अशा सपाट्याच्या दुसऱ्या दिवशी एक तरुण पत्रकार गेला होता. गोठ्याचं छप्पर गेलेल्या काकींनी त्याला सगळं नीट दाखवलं. मोडलेला वासा, फुटलेली कौलं, चिंब भिजून आंबूस वास मारू लागलेला पेंढा, पडवीत आणून बांधलेली गाभण गाय. पदराला माईक लावून त्या न अडखळता बोलल्या. बोलून झाल्यावर विचारलं, "पेपरात कदी येल?" तो म्हणाला, "काकी, पेपर सोडला मी. आता मोबाईलवर येणार. आज रात्रीच टाकतो." काकींनी माईक काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "म्हंजे कात्रण नाय गावायचं?"

त्याने हे सांगितलं तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. तहसील कचेरीच्या बाकावर ज्यांनी थोडा वेळ काढला आहे त्यांना ती प्लास्टिकची पिशवी ओळखीची असते. आत सातबारा, आधारची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान, अर्जाची पोच, पंचनाम्याची प्रत मिळाली असली तर ती, आणि सगळ्यात वर घडी घातलेलं कात्रण. कडेला बॉलपेनने तारीख लिहिलेली, घडीच्या रेषेवर शाई उडालेली. कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाला फारशी किंमत नाही. पेपरातली बातमी म्हणजे ऐकीव माहिती, तो पुरावा नव्हे, असं न्यायालयं सांगत आली आहेत. नुकसानभरपाई मिळते ती पंचनाम्यावर. तरीही माणसं कात्रण जपतात, कारण फाईलमधला तेवढा एकच कागद त्यांनी स्वतः मागून आणलेला नसतो. बाहेरच्या कुणीतरी येऊन पाहिलं, लिहिलं आणि आपल्या नावाने छापलं, हे तो सांगतो. टेबलापलीकडचा कारकूनही तो उलगडून वाचतो.

लिंक फाईलला लावता येत नाही.

पेपर सोडून स्वतःचं पोर्टल, यूट्यूब चॅनल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचं बातमीपत्र सुरू करणारे पत्रकार आता सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत भेटतात. त्यांच्याबद्दल बोलताना लोक धाडस हा शब्द फार वापरतात. नोकरी सोडली, पगार सोडला, आता कसं होणार. पण तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या बातमीदाराचं आर्थिक चित्र ज्याला माहीत आहे त्याला त्या पगाराचं एवढं कौतुक वाटत नाही. बहुतेकांना पगार नसतोच, मानधन असतं, आणि त्यात महिन्याचं पेट्रोल निघालं तरी पुष्कळ. खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, गणपती, दिवाळी, आवृत्तीचा वर्धापनदिन आणि नेत्यांचे वाढदिवस, अशा पुरवण्या वर्षभर ठरलेल्या, आणि प्रत्येक पुरवणीला टार्गेट. जाहिरात उधारीवर छापायची, बिल नंतर येणार, वसुली बातमीदाराने करायची. जाहिरातदाराने पैसे थकवले की कमिशन अडकलं. गाडी त्याची, मोबाईल त्याचा, नेटपॅक त्याचा. सकाळी ज्या सरपंचाच्या कामाबद्दल लिहायचं त्याच्याकडेच संध्याकाळी शुभेच्छांच्या चौकटीसाठी जायचं. म्हणजे धंदा तो आधीपासून करतच होता, फक्त दुसऱ्याच्या नावावर. पेपर सोडणाऱ्यांनी एका रात्रीत काही उडी मारली असं मला वाटत नाही. ते बरीच वर्षं कठड्यावर उभे होते.

जोखीम आहे, आणि मोठी आहे. पण ती पगारात नाही. पेपर न बोलता जी चार-पाच कामं करत होता आणि ज्यांची कधी मोजदादच झाली नाही, त्यांत ती आहे. कात्रण हे त्यातलं एक.

दुसरं काम जाहीर नोटिसांचं. पान चारवर अगदी बारीक टायपात छापलेला तो मजकूर, 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात, गट नंबर, चतुःसीमा, आणि हरकत असल्यास अमुक दिवसांत लेखी पुराव्यासह कळवावी. वाचक ते पान उलटून जातो, पण जिल्ह्याच्या लहान पेपरांची चूल बरीचशी त्यावर पेटते. जमिनीच्या व्यवहाराआधी वकिलाने दिलेली नोटीस, पतसंस्थेच्या लिलावाची, वारस नोंदीची, नावात बदलाची, ग्रामपंचायतीच्या निविदेची. हे सगळं नोंदणी झालेल्या छापील वृत्तपत्रालाच मिळतं, कारण वकिलाला अंक फाईलला लावायचा असतो. शासकीय जाहिरातींची यादीही छापील अंकांच्या खपावर अ, ब, क वर्गांत विभागलेली. पोर्टलला वाचक दहापट असले तरी या पैशातलं फारसं काही तिकडे वळत नाही. पेपर सोडताना माणूस स्वतःच्या कमिशनचा हिशोब करतो. पेपर ज्या पैशावर उभा असतो त्याचा हिशोब तो करत नाही, कारण ते पैसे त्याच्या हातून कधी गेलेलेच नसतात.

तिसरं काम डेस्कचं, म्हणजे छापण्याआधी बातमी तपासणाऱ्या उपसंपादकांचं. माझ्या मते ही सगळ्यात महागाची वस्तू. रात्री साडेनवाला उपसंपादकाचा फोन यायचा, आणि बातमीदार वैतागायचा. "पहिल्या परिच्छेदात कदम, तिसऱ्यात कदमचा काकडे कसा झाला?" "गुन्हा दाखल झालाय की नुसता तक्रारअर्ज आहे?" "आरोप केलाय म्हणतोस, कुणी केलाय?" "समोरच्याला फोन केलास का?" या चार प्रश्नांनी किती माणसांची अब्रू वाचवली आणि किती बातमीदारांचे खटले, याची नोंद कुठेच नाही. आता रात्री अकराला घटना कळते, साडेअकराला व्हिडिओ चढतो, आणि मध्ये कुणीच नसतं. अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी घ्या. पॉक्सो कायद्याच्या कलम 23 प्रमाणे नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंब, परिसर यांतलं ओळख पटेल असं काहीही देता येत नाही, आणि दिलं तर शिक्षा आहे. शहरात 'उपनगरातील एका शाळेत' म्हटलं की ओळख लपते. कोकणात वाडी वीस घरांची. नाव न घेता नुसतं वाडीचं नाव घेतलं, किंवा मागे शाळेची कमान दिसली, की पंचक्रोशीला सगळं कळलं. डेस्कवरचा माणूस वाडी काढून तालुका घालायचा. एकट्याने काम करणाऱ्याच्या ते लक्षात येतं तेव्हा व्हिडिओ शंभर ग्रुपांत गेलेला असतो. यूट्यूबवर चुकीचा तुकडा ट्रिम करता येतो, चेहरा ब्लर करता येतो, पण त्याच लिंकवर नवी फाईल चढवता येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर उतरवून पुढे गेलेल्या प्रतीला तर हातच लावता येत नाही.

यावरचा उपाय स्वस्त आहे, म्हणूनच तो कुणी करत नाही याचं वाईट वाटतं. दोन तालुक्यांतल्या दोन स्वतंत्र पत्रकारांनी एकमेकांचं डेस्क व्हायचं. एकमेकांशी स्पर्धा नसलेले तालुके निवडायचे, राजापूर आणि गुहागर, देवगड आणि म्हसळा असे. सगळं वाचायची गरज नाही. गुन्हा, लहान मूल, जात-धर्म आणि पैशांचा आरोप, या चार प्रकारांतली एकही ओळ दुसऱ्याने वाचल्याशिवाय बाहेर जाणार नाही, एवढं ठरवायचं. समोरच्या बाजूला फोन केला तर तारीख, वेळ, काय बोलणं झालं, हे वहीत लिहायचं. उचलला नाही तर मेसेज टाकून त्याचा स्क्रीनशॉट ठेवायचा. पुढे वकिलाची नोटीस आली तर ती वहीच उपयोगी पडते. पेपरात असताना नोटिशीवर संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि बातमीदार अशी चार नावं असायची, आणि उत्तर कंपनीचा वकील द्यायचा. आता चारही माणसं एकच, आणि वकिलाची फी त्याच्या खिशातून. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली आजही फौजदारी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. तारखांना जाणं हीच मोठी शिक्षा. कोर्ट मुंबईचं असेल तर रात्रीची गाडी, दिवसभर व्हरांडा, परत रात्रीची गाडी.

आणि जिवाचं भय. 6 फेब्रुवारी 2023 ला राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. रिफायनरीच्या वादावर ते लिहीत होते. त्यांच्यामागे पेपरचं नाव होतं, तरी हे झालं. माध्यमांच्या माणसांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये वेगळा कायदा मंजूर केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही. पण त्याची व्याख्या माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी काम करणाऱ्या माणसाभोवती लिहिलेली आहे. स्वतःच्या नावाने चॅनल चालवणारा एकटा माणूस त्यात बसतो की नाही, यावर वाद घालायला जागा राहते. म्हणून सुरुवातीलाच लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी, दुकाने-आस्थापनेची सूचना, संस्थेच्या नावाचं चालू खातं आणि स्वतःला दिलेलं साध्या लेटरहेडवरचं नियुक्तिपत्र एवढं करून ठेवावं. कागद कोरडे वाटतात, पण पोलिस ठाण्यात रात्री तेच दाखवावे लागतात. जमीन, वाळू, एलईडी दिव्यांची मासेमारी यांतली कुठलीही बातमी करायला जाताना कुठे निघालो आणि कधी परतणार हे एका माणसाला सांगितल्याशिवाय घर सोडू नये. पेपरात हे आपोआप व्हायचं, संध्याकाळी बातमीची कॉपी आली नाही की कुणीतरी फोन करायचंच.

कॅमेऱ्याची चर्चा मात्र गरजेपेक्षा जास्त होते. बरा मोबाईल पुरतो. किनाऱ्यावर खरा शत्रू वारा आहे, आणि पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस. चित्र थोडं अंधारं चालतं, आवाज गेला तर बातमी गेली. हजारभर रुपयांचा वायरचा कॉलर माईक, त्यावर केसाळ टोपी, आणि माईक तोंडापासून वीतभर अंतरात, एवढ्याने निम्मं काम होतं. रेकॉर्डिंगआधी फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर ऐन बोलण्यात कुणाचा तरी कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. ग्रामपंचायतीच्या ट्यूबलाईटखाली चित्र लपलपतं, ते आपल्या विजेच्या 50 हर्ट्‌झमुळे, तिथे सेकंदाला 25 फ्रेम लावाव्यात. खाऱ्या हवेने माईकच्या पिना वर्षभरात हिरव्या पडतात, सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा हवा. आणि वाडीतून निघण्याआधी फाईल मोबाईलला जोडता येणाऱ्या ओटीजी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. दर्याला फोन दिलेले लोक बंदरावर पुष्कळ भेटतील.

मग अपलोड. 1080पी व्हिडिओसाठी यूट्यूब सेकंदाला 8 मेगाबिटचा वेग सुचवतं, म्हणजे पाच मिनिटांचा व्हिडिओ 300 एमबीचा होतो. जूनमध्ये, अर्धा तालुका अंधारात आणि टॉवर बॅटरीवर असताना, चढता वेग 1 मेगाबिट मिळाला तर त्याला चाळीस मिनिटं लागतात, तीही मध्ये तुटलं नाही तर. म्हणून आपत्तीत आधी दोनशे शब्दांचा मजकूर आणि एक लहान केलेला फोटो, व्हिडिओ नंतर. आणि व्हिडिओत पहिल्या वाक्यात तोंडाने तारीख, वेळ, ठिकाण बोलायचं आणि तेच पडद्यावर कोपऱ्यात सबंध वेळ ठेवायचं. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. त्यानंतर जुलै आला, दोन दिवस पाऊस लागला, की वाशिष्ठी नदीच्या त्या जुन्या पुराचा व्हिडिओ नव्याने मोबाईलवर चढतो, आणि मुंबईत बसलेला मुलगा आईला फोन लावत राहतो. पडद्यावर तारीख असती तर तो तेवढा घाबरला नसता. पेपरला हे काम वेगळं करावं लागत नव्हतं, तारीख मथळ्याखाली छापलेलीच असायची.

या मुंबईतल्या मुलावर मात्र मला आशा आहे. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग आवृत्तीची पानं मुंबईच्या अंकात नसतात. परळला, भांडुपला, नालासोपाऱ्याला राहणाऱ्या चाकरमान्याला गावच्या नळपाण्याचं काय झालं, पालखी कधी निघणार, ओढ्यावरचा साकव वाहून गेला का, हे छापील पेपरने कधीच सांगितलं नाही. तो वाचक स्वतंत्र पत्रकाराचा आहे, आणि त्याच्या हातात पैसेही आहेत. हिशोब मांडून बघू. दोन माणसं, प्रत्येकी 30 हजार, पेट्रोल-नेट-होस्टिंगचे 10 हजार, म्हणजे महिन्याला 70 हजार. वर्षाला एक हजाराची वर्गणी ठेवली, पेमेंट गेटवेचे दोन टक्के आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी वजा केला, तर हातात 976 रुपये येतात. वर्षाचे 8 लाख 40 हजार उभे करायला साडेआठशेच्या थोडे वर सभासद लागतात. एका तालुक्याच्या मुंबईकर मंडळांची यादी काढली तर हा आकडा अशक्य नाही. पण तो पहिल्या वर्षात येत नाही, आणि व्हिडिओखाली 'सपोर्ट करा' लिहून तर अजिबात येत नाही. मंडळाच्या वार्षिक सभेला जाऊन, पावतीपुस्तक हातात घेऊन बसावं लागतं. वर्षाची वर्गणी एकदाच घेतलेली बरी. महिन्याला शंभर रुपयांच्या ऑटोपेमध्ये दर वेळी आधी एक दिवस बँकेचा मेसेज जातो आणि दर महिन्याला सोडायची आठवण होते.

यूट्यूबच्या पैशावर घर चालवायचा विचार करणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास पाहणं ही जाहिरातींची पहिली पायरी. तीन मिनिटांची सरासरी धरली तर हे तास भरायला 80 हजार वेळा व्हिडिओ पाहिला जावा लागतो. मग शंभर डॉलर जमेपर्यंत पैसे हातात पडत नाहीत. शिमग्याच्या किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत बँडवाल्याने सिनेमातलं गाणं वाजवलं की कॉपीराइटचा दावा येतो आणि त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते. डीजेपासून लांब उभं राहून माणसांचे आवाज वेगळे घ्यावेत. त्याहून मोठी अडचण आतली आहे. विहिरीत पडलेला बिबट्या, घाटात उलटलेला टँकर, हे हजारोंनी पाहिलं जातं. ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून केलेल्या खर्चाचा व्हिडिओ दोनशे जण पाहतात. आकडे रोज डोळ्यांसमोर असले की माणूस नकळत बिबट्याच्या मागे जाऊ लागतो. पेपरात असताना बातमीचं मोल असं दर तासाला कुणी कानात सांगत नव्हतं.

जाहिरातीही आहेतच, पण त्या कुणाच्या ते पाहावं. कोकणात मोबाईलवर जाहिरात देणारे म्हणजे प्लॉटिंगवाले, पतसंस्था, खाजगी दवाखाने, सोन्याचे दुकानदार आणि राजकीय माणसं. सडे, कातळ, समुद्रालगतच्या जमिनी कोण घेतंय ही आज आपल्याकडची सगळ्यात मोठी बातमी, आणि 'समुद्रकिनाऱ्यापासून पाच मिनिटांवर एनए प्लॉट' ही सगळ्यात सहज मिळणारी जाहिरात. दोन्ही एका पडद्यावर नांदत नाहीत. कुठल्याही एका जाहिरातदाराचा वाटा एकूण मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा नियम कागदावर लिहून ठेवणारे चॅनल मला टिकण्याजोगे वाटतात. सुरुवातीला तो पाळताना जीव मेटाकुटीला येतो, हेही खरं. म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय आणि एक तरी जोडीदार असल्याशिवाय पेपर सोडू नये असं मी तरी म्हणेन. जो राहिला तो भित्रा ठरत नाही. घरात आजारी वडील आणि शिकणारी मुलं असताना तालुक्याची बीट इमानाने सांभाळणारी माणसं आहेत, त्यांच्या बातमीवरही रस्ते झाले आहेत. 6 जानेवारीला, पत्रकार दिनी, पोंभुर्ल्यात बाळशास्त्री जांभेकरांना हार घालतो, तेव्हा हेही आठवावं की त्यांनी 1832 मध्ये काढलेलं मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' 1840 मध्ये बंद पडलं होतं.

राहिला कात्रणाचा प्रश्न. त्याला दोन उत्तरं दिसतात. सोपं उत्तर असं, की पोर्टलच्या प्रत्येक बातमीखाली 'छापील प्रत' असं बटण हवं. दाबलं की ए-फोर कागदावर एका पानात बसणारी बातमी निघाली पाहिजे. वर पोर्टलचं नाव, गाव, तारीख. मध्ये मजकूर आणि एक फोटो. खाली बातमीदाराचं नाव, संपादकाचं नाव, पत्ता, फोन आणि मूळ बातमीचा क्यूआर कोड. सेतू केंद्रात कुणालाही पाच-दहा रुपयांत त्याची प्रिंट काढता येते. व्हिडिओ चॅनल असलं तरी प्रत्येक नुकसानीच्या बातमीचा दीडशे शब्दांचा मजकूर लिहावाच, कारण बोलण्याची प्रिंट निघत नाही. दुसरं उत्तर जास्त कष्टाचं, साप्ताहिक काढायचं. 1867 चा जुना कायदा जाऊन 1 मार्च 2024 पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा आला, आणि आता शीर्षक व नोंदणीचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच होतो. जिल्हा प्रशासनाला अभिप्राय द्यायला साठ दिवस आहेत. आठवडाभराच्या बातम्यांतल्या निवडक घेऊन चार पानी अंक, थोड्याच प्रती, प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर मुद्रक-प्रकाशकाची ओळ. खप वाढला नाही तरी चालेल. एवढ्याने वकिलाला त्यात जाहीर नोटीस छापता येते आणि माणसाला कात्रण मिळतं. नव्या माध्यमाने जुन्याचा आधार घेतला म्हणून कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

आणि जपणूक. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने 2005 चा पूर पाहिला आणि 2021 चाही, दोन्ही वेळा पुस्तकं भिजली, आणि दोन्ही वेळा माणसं चिखल उपसायला उभी राहिली. कागद भिजतो तेव्हा निदान दिसतो तरी. पोर्टल जातं तेव्हा कुणाला कळतही नाही. वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाने डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, स्वतःच्या खात्यावर घेतलेलं असतं. तो पुण्याला नोकरीला जातो, नूतनीकरणाचा मेल त्याच्याकडे जातो, मुदत टळते, आणि काही महिन्यांनी तेच नाव कुणी जुगाराच्या साइटसाठी विकत घेतं. तालुक्याच्या चार-पाच वर्षांच्या बातम्या, कुठल्या वाडीत किती घरं पडली, कुणाला किती मदत मिळाली, कुठल्या साकवाचं काम कुणी घेतलं होतं, त्या जागी रमीची जाहिरात उघडते. डोमेन स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावावर, एकदम पाच वर्षांसाठी भरलेलं असावं. दर महिन्याच्या बातम्यांची एक पीडीएफ करून तालुक्याच्या वाचनालयात द्यावी, हार्डडिस्कची दुसरी प्रत जोडीदाराच्या घरी ठेवावी. गूगलच्या खात्यात निष्क्रिय खात्याची सोय असते. तीन ते अठरा महिने आपण खातं उघडलंच नाही तर त्यातली माहिती कुणाला मिळावी ते नाव तिथे घालता येतं. हे सगळं करायला एक दुपार पुरते, आणि ती पेपरच्या शेवटच्या आठवड्यातच काढावी. चॅनल सुरू झाल्यावर अशी मोकळी दुपार लवकर मिळत नाही.